नेटची तार ओढण्याआधी कुठला नियम बघायचा?

पूर्व विदर्भातल्या दवनीवाड्यात ग्रामपंचायत आहे, पोलीस ठाणे आहे, शाळा आहे. दाखल्यापासून तक्रारीच्या नोंदीपर्यंतची कामे आता संगणकावरच होतात. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. फायबर दारापर्यंत कसे आणायचे ते सरकारने ठरवले. दाराच्या आत तार कुठून न्यायची, हे मात्र बहुतेक कचेऱ्यांत वायरमनच ठरवतो. दोष त्याचा नाही. नियम कुठे सापडेल, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

इंटरनेटवर शोधले की आधी अमेरिकेचे नियम पुढे येतात. तिथल्या विद्युत संहितेचे लघुनाव एनईसी, आपल्या राष्ट्रीय विद्युत संहितेचेही एनईसीच. त्यामुळे तिथली कलमे आणि केबलची वर्गवारी आपल्या निविदांत सहज शिरते, आणि ती पाळली की नाही हे तपासणारा इथे कुणी नसतो.

आपली वाट वेगळी आहे. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. इमारतीतल्या सेवांसाठी ती भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवते. या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत आठव्या भागाचा सहावा विभाग खास माहिती व संचार यंत्रणेसाठी आहे. विजेसाठी त्याच भागाचा दुसरा विभाग, आगीसाठी चौथा भाग आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक पाहावे. पूर्वी ही पुस्तके विकत घ्यायला हजारो रुपये लागत. अमेरिकन कार्यकर्ते कार्ल मालामुड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ती सर्वांना मोफत मिळावीत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. जीव वाचवणारा नियम वाचायला पैसे का पडावेत? आता भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की बहुतेक भारतीय मानके विनामूल्य मिळतात.

या नियमांविरुद्ध सर्रास केली जाणारी गोष्ट म्हणजे विजेची आणि नेटची तार एकाच पट्टीतून नेणे. जागा वाचते, पण विजेच्या तारेचे आवरण कुठे सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट संगणकापर्यंत पोचू शकतात. दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्याच हव्यात, आणि एकमेकींना ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावे.

भिंतीला पाडलेल्या भोकांकडे तर कुणाचेच लक्ष नसते. तार गेली की भोक तसेच राहते आणि आग लागली की धूर तिथूनच शेजारच्या खोलीत शिरतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. त्यांतली सात धुराने गुदमरून गेली, असे तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. तिथले कारण वेगळे होते, पण धूर किती झटकन जीव घेतो हे या भागाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच अग्निरोधक भिंतीतले भोक त्या भिंतीइतक्याच अग्निरोधक सामग्रीने बुजवावे, असे संहिता सांगते. कमी धुराची, हॅलोजनविरहित केबल थोडी महाग पडते. पण जिथे माणसे बसतात तिथे तीच घ्यावी.

पूर्व विदर्भात विजा फार पडतात. अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत नेट न्यायचे असेल, तर तांब्याची तार डोक्यावरून ताणू नये. जवळ वीज पडली तरी त्या तारेतून येणारा झटका दोन्हीकडची यंत्रे जाळतो. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावे, तेही धातूचे कवच नसलेले. काचेतून वीज वाहत नाही.

अंदाजपत्रकात ‘नेटवर्किंग – एक काम’ एवढीच ओळ पुरेशी नाही. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स केबल, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नव्हे, भिंतीतला पक्का टप्पा जास्तीत जास्त ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या जोडतारा धरून १०० मीटर, रॅकला अर्थिंग, प्रत्येक टोकाला क्रमांक, हे सारे त्यात लिहून घ्यावे. आणि प्रत्येक तारेचा टेस्टरवरचा छापील अहवाल जोडल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल काढू नये.