लष्कर आणि अमली पदार्थांचा बाजार

एखादे सामाजिक संकट बळावले आणि पोलीस अपुरे पडू लागले की, 'हे काम लष्कराकडे सोपवा' अशी मागणी सुरू होते. अमली पदार्थांच्या बाबतीत अमेरिकेने हा मार्ग प्रत्यक्ष चोखाळून पाहिला आहे. त्या प्रयोगाचा जमाखर्च मांडणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

घटनेने वा काँग्रेसने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज लष्कराने देशांतर्गत कायद्याची अंमलबजावणी करू नये, असा दंडक अमेरिकेने १८७८ सालीच घालून घेतला होता. १९८१ मध्ये हे बंधन सैल झाले. झडती, जप्ती व अटक यांचे अधिकार सैनिकांना मिळाले नाहीत. परंतु लष्करी साधनसामग्री, माहिती व प्रशिक्षण नागरी यंत्रणांना देण्याची वाट मोकळी झाली. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अमली पदार्थांचा व्यापार हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका असल्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच वर्षांत, हवाई व सागरी मार्गांनी होणाऱ्या चोरट्या आयातीचा माग काढण्याची मुख्य जबाबदारी संरक्षण खात्याकडे आली.

या उपायाचे अर्थशास्त्र मात्र दुबळे होते. संरक्षण खात्यासाठीच रँड संस्थेने १९८८ मध्ये केलेल्या अभ्यासात, लष्कराचा सहभाग वाढविल्याने कोकेनच्या सेवनात फारसा फरक पडणार नाही, असा निष्कर्ष निघाला. कारण उघड आहे. गिऱ्हाईक जी किंमत मोजते, तिच्यात उत्पादनाचा व चोरट्या वाहतुकीचा वाटा अल्प असतो. बहुतांश किंमत माल देशात पोचल्यावर, हातोहात विकला जाताना चढते. साहजिकच वाटेत जप्त झालेला माल व्यापाऱ्याला स्वस्तात भरून काढता येतो. शिवाय एक वाट अडली की तो दुसरी शोधतो. कॅरिबियन समुद्रातील पहारा कडक झाला, तेव्हा ओघ मेक्सिकोकडे वळला.

दुसरी किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. २० मे १९९७ रोजी टेक्सासच्या सीमेवरील रेडफर्ड या खेड्याजवळ, चोरट्या वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी चार मरीन सैनिक दडून बसले होते. अठरा वर्षांचा एक विद्यार्थी तेथे शेळ्या चारीत होता. त्याच्याजवळ एक जुनी बंदूक होती. त्याने आपल्या दिशेने गोळ्या झाडल्या, असे सैनिकांचे म्हणणे. त्यांच्या गोळीने तो ठार झाला. तो अमेरिकेचाच नागरिक होता. अमली पदार्थांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कोणावरही खटला उभा राहिला नाही. सशस्त्र सैनिकांची ती टेहळणी मात्र नंतर थांबवावी लागली.

केवळ त्या सैनिकांना दोष देऊन भागणार नाही. पोलिसाला संशयिताला पकडून न्यायालयापुढे उभे करायचे असते. सैनिकाला शत्रूचा बीमोड करण्याचे शिक्षण मिळालेले असते. नागरी वस्तीत हे शिक्षण नागरिकांच्याच जिवावर बेतते.

सीमेवरील बंदोबस्तापेक्षा व्यसनी माणसांवरील उपचार हाच कोकेनचे सेवन घटविण्याचा कितीतरी कमी खर्चाचा मार्ग आहे, असे रँडनेच १९९४ मध्ये दाखवून दिले. मागणी शाबूत ठेवून पुरवठ्यावर तोफा रोखणाऱ्या कोणत्याही सरकारने हा हिशेब आधी वाचावा.