कल्याणची खाडी आणि मलंगगड

एका दिवसाच्या सहलीसाठी आपले विद्यार्थी कर्जत-खोपोलीपर्यंत धावतात; मलंगगड मात्र रोज दिसतो म्हणूनच राहून जातो. चिनी भाषेत निसर्गचित्राला 'डोंगर-पाणी' असा जोडशब्द आहे. ही जोडी आपल्याकडे पाहायची असेल, तर आधी दुर्गाडी आणि मग मलंगगड, हा क्रम बरा.

दुर्गाडीच्या टेकाडाखाली उल्हास नदीची खाडी आहे. आज तिच्याकडे पाहून खरे वाटत नाही, पण पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारग्रंथात कल्याणचे नाव 'कल्लिएना' म्हणून येते. सांदरेस राजाच्या अमलात येथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला धाडली जात, असे त्यात म्हटले आहे. बंदराच्या उत्पन्नावरून राजसत्तांत चुरस होती, हाच याचा अर्थ. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणकर व्यापारी आहेत. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराचा आरंभ या खाडीत झाला. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली आणि मालाने पाण्याची वाट सोडली.

अशा बंदरावर नजर ठेवायला उंच जागा हवी. ती सुमारे १५ किलोमीटरवरचा मलंगगड. निम्म्या डोंगरापर्यंत पायऱ्या आहेत, दुतर्फा दुकाने आहेत. मुसलमान भाविक तेथे हाजी मलंगबाबांचा दर्गा मानतात, हिंदू भाविक मच्छिंद्रनाथांची समाधी. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर घराण्याकडे! नावावरून वाद झाले, होतात. पायऱ्या मात्र दोघेही एकाच घामाने चढतात.

बहुतेक लोक येथूनच परततात. खरा किल्ला पुढे आहे. १७८० साली इंग्रजांच्या कॅप्टन ॲबिंग्टनने खालची माची घेतली, पण शिबंदी वरच्या कड्यावर गेली आणि तो सुळका काही त्याच्या हाती लागला नाही. उलट मराठी फौजेने खालून वेढा घातला. वर शत्रू, खाली शत्रू, अशा कोंडीतून कर्नल हार्टलेने येऊन त्याला सोडविले. नकाशावर माची म्हणजे अर्धा गड वाटतो. कातळातल्या अरुंद पायऱ्या पाहिल्या, की वरच्या मूठभर लोकांना फौज का नमली नाही, हे कळते.

बालेकिल्ल्याच्या वाटेवर कड्यातला मार्ग तुटलेला आहे. तेथे दोर आणि जाणता सोबती यांवाचून जाऊ नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. दर्ग्यापर्यंतची चढण मात्र कोणालाही जमेल. पायथ्यासाठी कल्याण स्थानकावरून बस मिळते. पाणी बरोबर घ्यावे.