लडाखमधला नदीगाळ आणि प्राचीन हवामान: दीडशे वर्षांचा मागोवा

लडाखमध्ये सिंधू आणि झंस्कार नद्यांच्या काठांवर, आजच्या पात्राच्या कितीतरी वर, गाळाचे सपाट टप्पे दिसतात. भूगोलात त्यांना नदीसोपान म्हणतात. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिमी पाऊस पडतो. अशा कोरड्या मुलखात एवढा गाळ आला कुठून आणि साचला कधी, या प्रश्नाचा अभ्यास दीडशे वर्षे चालू आहे. त्यातूनच इथल्या प्राचीन हवामानाचा इतिहास हाती आला आहे.

लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतो. डोंगर उघडे आहेत आणि माती धरून ठेवणारा झाडोरा नाही. थंडीने कडे फुटतात आणि उतारांवर दगडगोट्यांचा खच पडतो. तो वाहून नेण्याइतके पाणी एरवी नसते. पाऊस वाढला की हा साठा ओढ्यांतून मुख्य नदीत उतरतो. नदीच्या वहनशक्तीपेक्षा गाळ जास्त झाला, तर तळ भरून वर येतो. पुढे गाळाचा पुरवठा घटला की तीच नदी आपले भरलेले पात्र कापत खाली जाते आणि जुना तळ सोपानाच्या रूपाने काठावर उरतो. कोरड्या हवेमुळे त्याची झीज मंद होते, म्हणून हजारो वर्षांचे थर आजही उघड्यावर वाचता येतात.

या थरांचे पहिले पद्धतशीर वर्णन फ्रेडरिक ड्रू या भूवैज्ञानिकाने केले. जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह यांच्या सेवेत असताना त्याने हा प्रदेश पायाखाली घातला होता. 1873 साली वरच्या सिंधू खोऱ्यातील गाळावर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. घळीतून बाहेर पडणारा ओढा तोंडाशी जी पंखाकृती मैदाने रचतो, त्यांचे त्याने केलेले वर्णन जगभरच्या भूगोलात रुजले. पुढे 1913-14 च्या दे फिलिप्पी मोहिमेतील जोत्तो दाइनेल्ली याने हिमनद्यांच्या खुणा तपासून चार हिमयुगांची मांडणी केली. आल्प्स पर्वतात तेव्हा चारच हिमयुगे मानली जात. ड्रू आणि दाइनेल्ली यांच्या काळात थरांचा क्रम लावता येत होता, पण त्यांचे वय मोजण्याचे साधन नव्हते.

थरांची घडण मात्र डोळ्यांनी वाचता येते. सोपानाच्या कापलेल्या कड्यात गुळगुळीत, चपटे गोटे एकमेकांवर रेललेले दिसले आणि त्यांचा कल उगमाकडे असला, तर ते वाहत्या नदीने रचलेले असतात. त्यांच्यामध्ये वाळूचे पातळ पट्टे असतात. त्यावर टोकदार, लहानमोठे दगड चिखलात कसेही रुतलेले असतील, तर तो उतारावरून आलेला दगडचिखलाचा लोंढा होय. दगडांच्या जातीवरून त्यांचे मूळही कळते. करडा-पांढरा ग्रॅनाइट उत्तरेकडच्या लडाख रांगेतला, तर जांभळा-हिरवा वालुकाश्म दक्षिण काठाकडचा.

वयाचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुटू लागला. रेडिओकार्बन पद्धतीला सेंद्रिय अवशेष लागतात आणि उजाड प्रदेशात ते क्वचितच सापडतात. ल्युमिनेसन्स पद्धतीत वाळूचा कणच पुरतो. उन्हात कणाची साठलेली ऊर्जा निघून जाते. तो गाडला गेला की आसपासच्या किरणोत्सर्गामुळे ती पुन्हा साठू लागते आणि या साठ्यावरून गाडल्याचा काळ काढतात. भारतात 1982 साली राजस्थानच्या वाळूच्या टेकड्यांवर हे तंत्र वापरले गेले. 1985 मध्ये प्रकाशाने ऊर्जा मोजण्याची सुधारित रीत पुढे आली. नमुन्यासाठी थरात धातूची नळी ठोकतात आणि ती प्रयोगशाळेत मंद लाल उजेडातच उघडतात. गढूळ पुरात कणाला पुरेसे ऊन मिळाले नसेल, तर वय खऱ्यापेक्षा जास्त निघते. म्हणून अनेक कण तपासावे लागतात.

सिंधूच्या सुमारे 350 किमी टप्प्याचा असा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दरीत गाळ भरण्याचे तीन कालखंड दिसतात: सुमारे 52 हजार, 28 हजार आणि 16 हजार वर्षांपूर्वीचे. ते ढोबळमानाने नैर्ऋत्य मोसमी पाऊस जोरात असण्याच्या काळाशी जुळतात. म्हणजे मोसमी पावसाची सीमा कायम नव्हती. तो बळावला की हिमालय ओलांडून या शीत वाळवंटात पोहोचत होता.

एकेका पुराची नोंदही गाळात असते. महापुराचे पाणी बाजूच्या संथ कोपऱ्यांत शिरते आणि ओसरताना बारीक वाळू व पोयटा ठेवून जाते. अशा थरांच्या उंचीवरून जुन्या पुरांची पातळी ताडता येते. 5-6 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहजवळ ढगफुटी झाली आणि दगडचिखलाच्या लोंढ्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. हे लोंढे पंखाकृती मैदानांवरच्या वस्त्यांवर आले. ती मैदाने अशाच जुन्या लोंढ्यांनी रचलेली आहेत. वस्ती कुठे करू नये, हे ठरवताना म्हणूनच या थरांची साक्ष विचारात घ्यायला हवी.

या नोंदीला मर्यादाही आहेत. नदी खाली कापत जाते तेव्हा आपलाच जुना पुरावा पुसते. शिवाय प्रत्येक थर हवामानाचाच असतो असे नाही. लामायुरूचे प्रसिद्ध पिवळसर थर दरडीने अडलेल्या तळ्यात साचले. भूहालचालींमुळे जमीन उचलली गेली, तरीही नदी खोल कापते. त्यामुळे सोपानांची वये त्सो कार आणि त्सो मोरीरी या सरोवरांच्या तळगाळाशी ताडून पाहिली जातात. सुमारे 11 ते 8 हजार वर्षांपूर्वी इथे आजच्यापेक्षा ओलावा जास्त होता आणि पुढे कोरडेपणा वाढत गेला, हे या सरोवरांतून दिसते. नदीगाळ आणि सरोवरगाळ या दोहोंचा मेळ बसतो, तिथे हवामानबदलाचा निष्कर्ष भक्कम ठरतो.