दोन कामांचे एक यंत्र

हातात धरून वाचावयाचा टॅबलेट आणि मेजावर ठेवून लिहावयाचा लॅपटॉप, या दोहोंची कामे एकाकडूनच करून घेण्याच्या प्रयत्नातून जोडयंत्रे निर्माण झाली. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली बाजारात आणलेले ‘सरफेस गो’ हे त्यांतील बोलके उदाहरण होय. पडदा अवघा दहा इंचांचा, वजन ५२२ ग्रॅम; पाठीमागील टेकू उघडला की ते मेजावर स्वतःच उभे राहते. प्रवासात टिपणे काढणाऱ्यास याहून सोयीचे साधन क्वचितच मिळेल.

गैरसोयी मात्र सावकाश ध्यानात येतात. ३९९ डॉलर या मूळ किमतीत कळफलक समाविष्ट नव्हता, आणि लेखन करणाऱ्यास कळफलकावाचून ते अर्धेच यंत्र! मांडीवर ठेवावे, तर टेकू डळमळतो. मूळ आवृत्तीतील ४ गिगाबाइट स्मृती मागाहून वाढविता येत नाही. याहून गंभीर प्रश्न आयुर्मानाचा आहे. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत या यंत्राच्या प्रोसेसरला स्थान नाही. पडद्यास तडा नाही, कळा शाबूत आहेत, तरीही सात वर्षांत ते कालबाह्य ठरले.