जुन्या ‘चेतक’च्या ब्रेकवर फुंकर नको

आकुर्डीत तयार होणारी बजाजची ‘चेतक’ १९७२ साली बाजारात आली. आता त्या नावाची स्कूटर विजेवर धावते. पण भंगारातले सुटे भाग जोडून पेट्रोलवरची जुनी चेतक पुन्हा चालू करण्याचा छंद अनेकांना आहे. आयुष्यभर मशिनवर काम केलेल्या निवृत्त कामगारांना तर तो सहज जमतो. हाताला काम मिळते, डोक्याला चालना मिळते. फक्त थोडी काळजी हवी.

पूर्वी ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. लायनर झिजले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू ड्रममधल्या धुळीत मिसळतात. श्वासावाटे ते फुप्फुसात जाऊन रुततात. त्यातून होणारा कर्करोग कधी ३०-४० वर्षांनी उद्भवतो. म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर घालू नका, हवेचा प्रेशर मारू नका, लायनर पॉलिश पेपरने घासू नका. साबणाच्या पाण्याने धूळ ओली करा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत घट्ट बांधून टाकून द्या. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत.

कार्बोरेटर पेट्रोलने धुण्याची सवयही सोडा. पेट्रोलमधले बेंझिन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. शिवाय बंद पार्किंगमध्ये साचलेली वाफ एका ठिणगीने पेटते. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून, कार्बोरेटर क्लीनरने करा.

मडगार्ड, हेडलाइट, स्पीडोमीटर भंगारातून जरूर आणा. ब्रेक लायनर मात्र नवे आणि अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलेच घ्या.