टीव्हीवरील गाडीदुरुस्ती : मजुरीचा रकाना कोठे गेला?

"उस्ताद, टीव्हीवर तर तासाभरात अख्खी गाडी नवी करून देतात. तुम्ही तीन आठवडे कसले मागता?"

गॅरेज चालविणाऱ्या, डेंटिंग-पेंटिंग किंवा कुशनचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हा प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो. ग्राहक तो थट्टेत विचारतो, पण बिल हातात पडले की तीच थट्टा घासाघीस बनून पुढे येते. हे कार्यक्रम बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले. ते कसे बनतात, त्यातून काय गाळले जाते आणि त्याच देशांत घराच्या अंगणात स्वतःची गाडी खोलून बसणाऱ्या हौशी माणसाची प्रत्यक्षात काय गत होते, हे एकदा पाहून ठेवले तर ग्राहकाला उत्तर देणे सोपे जाईल.

या कार्यक्रमांतला सर्वांत गाजलेला म्हणजे 'व्हीलर डीलर्स'. २००३ साली इंग्लंडमध्ये तो सुरू झाला आणि डिस्कव्हरी वाहिनीमार्फत जगभर पोचला. आपल्याकडेही घरोघरी पाहिला गेला. मांडणी अगदी सोपी. माइक ब्रुअर हा व्यापारी जुनी गाडी हेरतो, भाव पाडून विकत घेतो. एड चायना हा उंचापुरा मेकॅनिक नारिंगी हातमोजे घालून ती दुरुस्त करतो. मग ब्रुअर ती विकतो. पहिल्या मालिकेत गाडीमागे भांडवल होते फक्त १००० पौंड. शेवटी पडद्यावर हिशेब येतो : खरेदी इतकी, सुटे भाग इतके, बाहेरून करून घेतलेले रंगकाम इतके, विक्री इतकी. वजाबाकी होऊन नफा दिसतो आणि दोघे हात मिळवतात.

त्या हिशेबात मजुरीचा रकानाच नाही. बाहेरच्या रंगाऱ्याचे पैसे धरले जातात, बाहेरच्या कुशनवाल्याचे धरले जातात, पण कार्यक्रमाच्या स्वतःच्या मिस्त्रीने घालविलेले तास शून्य रुपये, शून्य पैसे. कार्यक्रम लोकांना फसवितो असे म्हणण्याचे कारण नाही. हा त्यांच्या खेळाचा नियम आहे आणि तो उघड आहे. परंतु पाहणाऱ्याच्या डोक्यात नियम राहत नाही, नफ्याचा आकडा राहतो.

आकडे घालून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा गाडी १००० पौंडांना घेतली, ७०० पौंडांचे सामान घातले आणि २२०० ला विकली. पडद्यावर नफा ५०० पौंड. आता मिस्त्रीने ४० तास काम केले आणि तिकडच्या गॅरेजचा दर ताशी ५० पौंड धरला, तर मजुरीच २००० पौंड होते. म्हणजे ५०० चा नफा नव्हे, १५०० चा तोटा. जागेचे भाडे, वीज, हत्यारांची झीज आणि गाडी पाहण्यासाठी ब्रुअरने केलेल्या फेऱ्या तर अजून धरल्याच नाहीत. गॅरेज चालविणारा कोणीही हा हिशेब दोन मिनिटांत मांडील. दूरचित्रवाणीला तो मांडण्याची गरज नाही, कारण तिचा पैसा गाडीच्या विक्रीतून येत नाही, जाहिरातींतून येतो.

पुढे जे झाले ते कारागिरांनी अधिक लक्षात ठेवावे असे आहे. मार्च २०१७ मध्ये एड चायनाने कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले. कारण त्याने स्वतःच सांगितले : कार्यक्रमाची सूत्रे हाती घेतलेल्या अमेरिकी वाहिनीला गॅरेजमधल्या कामाचे तपशीलवार चित्रण कमी करावयाचे होते, कारण ते चित्रित करणे फार अवघड जाते. चायनाच्या मते तेच तर कार्यक्रमाचे मर्म होते. त्याच्या जागी अँट अँस्टेड आला, तोही हाताचा कुशल. कार्यक्रम चालू राहिला. पण पाना कसा लावावयाचा, बेअरिंग कसे काढावयाचे, हे दाखविणे जिकिरीचे आणि सौदा दाखविणे सोयीचे, हा वाहिनीचा कल त्यावरून कळतो.

आठवडाभरात नवी गाडी

अमेरिकेतली तऱ्हा आणखी वेगळी. २००४ साली सुरू झालेल्या 'ओव्हरहॉलिन' या कार्यक्रमात चिप फूस हा नामांकित रचनाकार. मालकाची गाडी त्याच्या नकळत उचलून न्यावयाची, त्याला काहीतरी खोटे सांगून झुलवत ठेवावयाचे आणि आठवडाभरात गाडी ओळखू न येण्याइतकी पालटून द्यावयाची, असा तो प्रकार. काम खरे होते आणि उत्तम होते, यात वाद नाही. पण तेथे एक मिस्त्री आणि एक छोटू नसतो. पत्र्याचा वेगळा, वायरिंगचा वेगळा, रंगाचा वेगळा, कुशनचा वेगळा, असा अख्खा ताफा रात्रंदिवस राबतो आणि लागेल तो भाग दारात येऊन पडतो.

समजा २० माणसे रोज १२ तास, सात दिवस राबली, तर १६८० तास झाले. हेच काम घरी एकट्याने, नोकरी सांभाळून, आठवड्याला १० तास देऊन करावयाचे म्हटले तर १६८ आठवडे लागतील, म्हणजे सव्वातीन वर्षे. टीव्हीने वेळ वाचविलेला नाही, तो माणसांमध्ये वाटून टाकला आहे. ग्राहकाला हे एका वाक्यात सांगता येते : "साहेब, वीस माणसांची मजुरी द्या, मीही आठवड्यात देतो."

अंगणातला मिस्त्री

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये मजुरी महाग, म्हणून घरच्या घरी गाडी दुरुस्त करण्याची परंपरा जुनी आहे. तिला मोठा आधार मिळाला तो जॉन हेन्स या गृहस्थामुळे. हेन्स हवाई दलात एडनला असताना त्याच्या सहकाऱ्याने एक जुनी ऑस्टिन-हिली स्प्राइट घेतली. कंपनीचे पुस्तक सामान्य माणसाच्या कामाचे नव्हते. हेन्सने इंजिन खोलता-खोलता प्रत्येक पायरीची छायाचित्रे घेतली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास त्याचे पुस्तक काढले. पुढे प्रत्येक पुस्तकासाठी गाडी पूर्ण खोलावयाची, पुन्हा जोडावयाची आणि मगच लिहावयाचे, ही या प्रकाशनाची पद्धत झाली. अशी पुस्तके लाखो घरांत गेली.

एवढे चांगले पुस्तक हाताशी असूनही घरचा मिस्त्री अडतो. कोठे अडतो, हे आपल्या कारागिरांना सांगावयास नको. पुस्तकात लिहिलेले असते, बोल्ट काढा. वीस वर्षे गंजून बसलेला बोल्ट निघत नाही. त्याला तेल पाजून रात्रभर ठेवावे लागते, गॅसने तापवावे लागते आणि तरी डोके तुटून उरलेला भाग आत राहतो. मग तो ड्रिलने पोखरून नवे आटे पाडावे लागतात. टीव्हीवर हा बोल्ट कधी दिसत नाही, कारण तेथे कात्री चालते. अंगणात मात्र याच बोल्टपायी रविवार जातो आणि पुढचाही रविवार जातो.

पत्र्याचे तर विचारूच नका. तिकडे पावसाळी हवा, शिवाय बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे गाडीचा तळ आणि दरवाज्याखालचा लांब पत्रा खाऊन जातो. वरून बोटभर दिसणारा गंज खरडला की हातभर निघतो. हौशी माणूस कधी त्यात लांबी भरून रंग मारून मोकळा होतो. पण ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी असते. सीटबेल्ट, ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन जेथे बसविलेले असते, त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होऊ शकते. तेथे लांबी चालत नाही. नवा पत्रा लावून वेल्डिंगची सलग शिवण घालावी लागते, नुसते ठिपके मारून भागत नाही. सलग शिवण घालताना पातळ पत्रा वाकू न देणे हे चार रविवारांत येणारे हुनर नव्हे.

आणि जिवाची जोखीम. टीव्हीवरचा मिस्त्री हायड्रॉलिक लिफ्टखाली ताठ उभा राहून काम करतो. घरचा माणूस जॅकवर गाडी चढवून पाठीवर सरकत खाली जातो. जॅक उचलण्यासाठी असतो, गाडी धरून ठेवण्यासाठी नव्हे. कठीण जमिनीवर लोखंडी स्टँड लावल्याशिवाय खाली जाणे म्हणजे आपल्या हाताने आपली कबर खणणे. ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. झाकण उघडे राहिलेली जुनी बाटली 'वाया कशाला घालवा' म्हणून वापरणारा माणूस घाट उतरताना पेडल थेट तळाला गेल्यावर शहाणा होतो. हार्डनर घालून मारण्याचे टू-पॅक रंग तर बाहेरून ताजी हवा पुरविणाऱ्या मास्कशिवाय फवारूच नयेत, त्यातल्या आयसोसायनेटने दम्याचा कायमचा विकार जडतो. हा शेवटचा मुद्दा हौशी लोकांपेक्षा आपल्याच पेंटर बंधूंनी जास्त ध्यानात घ्यावा. तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारी कोवळी पोरे आजही दिसतात.

असे असूनही घरच्या मिस्त्रीची टर उडवावी असे मला वाटत नाही. त्याच्याजवळ एक गोष्ट असते जी टीव्हीजवळ नाही आणि गिऱ्हाइकांच्या रेट्यात पुष्कळदा आपल्याजवळही उरत नाही. ती म्हणजे सवड. तो प्रत्येक नट डबीत घालून वर चिठ्ठी लावतो, वायरचे प्रत्येक टोक काढण्यापूर्वी फोटो घेतो. निक ब्लॅकहर्स्ट आणि रिचर्ड ब्रनिंग या दोन इंग्रजांनी एका जुन्या मिनीत टोयोटा सेलिकाचे इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा बसविण्याचे काम हाती घेतले आणि २०१३ पासून त्याची चित्रफीत यूट्यूबवर टाकावयास सुरुवात केली. काम वर्षानुवर्षे चालले. एकेक कंस कापणे, घासणे, पुन्हा कापणे, हेच त्यात पाहावयाचे, आणि तरी लाखो लोकांनी ते चवीने पाहिले. गॅरेजमधले काम लोकांना नको असते, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली.

अर्धी खोललेली गाडी

२०१३ पासूनच चालणारा 'कार एस.ओ.एस.' हा आणखी एक ब्रिटिश कार्यक्रम. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड हे दोघे आजारपणाने, दुःखाने किंवा पैशाच्या ओढीने ज्यांचे काम अर्धवट राहिले, अशांची गाडी गुपचूप नेऊन पुरी करून देतात. भाग पाहताना डोळे ओलावतात. पण मिस्त्रीच्या नजरेने पाहिले तर घरोघरी किती गाड्या अर्ध्या खोललेल्या पडून असतात, हे त्यातून कळते.

अशी गाडी आपल्याकडेही येते, इंजिन पोत्यात, कार्ब्युरेटर पिशवीत आणि मालक म्हणतो, "फक्त जोडून द्या." येथेच चांगले चांगले कारागीर फसतात. दुसऱ्याने खोललेले जोडावयास स्वतः खोललेल्याच्या दुप्पट वेळ लागतो, कारण काय हरवले आहे हेच ठाऊक नसते. अशा कामाला ठोक भाव सांगू नये. आधी मालकासमोर सामान मोजून यादी करावी, त्यावर त्याची सही घ्यावी आणि मजुरी तासावर ठरवावी. बिलात सामान आणि मजुरी नेहमी वेगळी लिहावी, तासांसह. आपण 'एकूण इतके' एवढेच लिहितो, म्हणून ग्राहकाला वाटते सगळा पैसा सामानाचा आणि त्यात मिस्त्रीने मारलेले कमिशन.

जुन्या गाड्यांचे काम आपल्या मुलुखातही वाढते आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट बनत होती आणि जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आहेत आणि तिचा पत्रा ठोकून सरळ करणारे उस्ताद आता म्हातारे होत आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळ्या विंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणावयाची.

मेख पुढे आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी या नोंदणीत बसत नाही. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध निर्णय दिलेला आहे. तेव्हा टीव्ही पाहून आलेला ग्राहक "जुन्या फियाटमध्ये नवे इंजिन टाका, छत कापा" म्हणाला, तर काम घेण्यापूर्वी त्याला आर.टी.ओ. कडून काय परवानगी लागेल ते विचारून यावयास सांगावे आणि तो जे सांगेल ते जॉबकार्डावर त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. उद्या गाडी अडविली गेली तर मालक पहिला फोन गॅरेजला करतो.