श्रीरामपूरच्या पोराला हात देणारे नाईक सर

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुका म्हटला की आम्हाला आधी हरेगाव आठवते. १९३९ च्या डिसेंबरात वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेब तेथे बोलले होते. ऊस, साखर कारखाने आणि मजुरांच्या वस्त्या यांचा हा तालुका. याच श्रीरामपुरातून १९९६ च्या सुमारास एक वडील आपल्या मुलाला घेऊन मुंबईला निघाले. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी पास झालेला, पुढे इंजिनीअरिंगचा विचार. पण वडील म्हणाले की इंजिनीअर देशात पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो. मुलाचे नाव जहीर खान.

मुंबईत हा मुलगा क्रॉस मैदानावर नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक सरांकडे आला. तोवर त्याचा खेळ बहुतेक टेनिसच्या चेंडूवरचा. सरांनी त्याला क्लबात घेतले आणि मोठ्या मैदानांवरच्या क्रिकेटला लावले. ओळख नाही, वशिला नाही, डाव्या हाताने चेंडू वेगात पडतो एवढेच भांडवल. असे भांडवल आपल्याही वस्त्यांत पुष्कळ पोरांपाशी असते. पण कोणी जाणत्या माणसाने पाहून “उद्यापासून इकडे ये” असे म्हणावे लागते, आणि तेच होत नाही.

आपल्या समाजाला हे जुने दुखणे आहे. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघात त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. चेंडू टाकून घ्यायला सगळे होते, पुढे न्यायला कोणी नव्हते.

नाईक सर स्वतः मोठे खेळाडू. जन्म १९४५ चा. १९७०-७१ च्या मोसमात गावस्कर, वाडेकर, सरदेसाई भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले असताना त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढच्या मोसमात मोठी नावे परतली आणि करंडक जिंकून देणाऱ्या कर्णधारालाच अकरातून बाहेर बसावे लागले! १९७४ मध्ये इंग्लंडविरुद्ध बर्मिंगहॅमला पहिली कसोटी खेळले आणि दुसऱ्या डावात ७७ धावा काढल्या. एकूण कसोट्या मात्र तीनच.

त्याच दौऱ्यात लंडनच्या एका दुकानात त्यांच्यावर मोज्यांचे दोन जोड चोरल्याचा आळ आला. आपण निर्दोष आहोत असे ते सांगत राहिले. प्रकरण लवकर मिटावे म्हणून संघाबरोबरच्या मंडळींनी गुन्हा कबूल करण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी ऐकला आणि डाग कपाळी बसला. गावस्करांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यांची बाजू घेतली. गावात काही हरवले की आधी कोणाच्या वस्तीत झडती होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या माणसाचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. आम्हाला विशेष वाटते ते हे, की एवढे होऊनही त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली नाही. मुंबईचे निवड समिती अध्यक्ष झाले, पोरे घडवली.

त्यांचे वाचून कोणी मुलाचे पुस्तक बंद करू नये, ही आमची आईबापांना हात जोडून विनंती. नाईक सर रसायनशास्त्रात एम.एस्सी. होते. जहीरच्या घरीही शिक्षण आधी आणि मैदान नंतर आले.

जहीरला रणजीत पहिली संधी मुंबईकडून नव्हे, बडोद्याकडून मिळाली. २००० मध्ये तो भारताकडून खेळू लागला आणि ९२ कसोटींत ३११ बळी घेऊन निवृत्त झाला.

उतारवयात सर वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी सांभाळत. त्या कामाचे पैसे घेत नसत. खेळपट्टीचे काम म्हणजे उन्हातान्हात माती पाहणे, पाणी किती, रोलर किती वेळ, गवत किती ठेवायचे याचा हिशेब. बळी पडला की टाळ्या गोलंदाजाला मिळतात, माती सांभाळणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना सरांनी तयार केलेल्या खेळपट्टीवर झाला. त्यावर नवा चेंडू घेऊन धावत आला तो श्रीरामपूरचा जहीर. पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्या रात्री देशभर फटाके वाजले. आमच्या वस्तीतही मुले पहाटेपर्यंत झोपली नाहीत, पण खेळपट्टी कोणी केली हे त्या रात्री आम्हालाही ठाऊक नव्हते.

२४ मार्च २०२३ रोजी सर घरात पडले, डोक्याला मार लागला आणि ते शुद्धीवर आलेच नाहीत. ५ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या अंतिम सामन्याला तेव्हा बारा वर्षे आणि तीन दिवस झाले होते.